लघवी धरून ठेवा म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

"प्रोस्टेटच्या नावाने म्हाताऱ्यांची लूट" असा एक लांबलचक मेसेज ज्येष्ठ नागरिकांच्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या मोठ्या काकांना आला, वय ७२, आणि त्यांनी तो नुसता वाचला नाही तर पाळला, म्हणून हे लिहितेय. मेसेजचं म्हणणं असं: लघवी आली की रोज अर्धा तास धरून ठेवा म्हणजे प्रोस्टेट आकसतं, गोळ्या सोडा आणि भोपळ्याच्या बिया खा, पीएसए टेस्ट (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) फसवी आहे असं शोधणाराच म्हणतो, टेस्ट केली की कापतातच, बायोप्सीची सुई लागली की कॅन्सर पसरतो, ऑपरेशन केलं की पुरुषपण जातं.

आधी ते धरून ठेवायचं बघू, कारण काकांना हॉस्पिटलात त्यानेच पोचवलं. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेली अक्रोडाएवढी ग्रंथी, लघवीची नळी तिच्या मधूनच जाते. वयाबरोबर ती वाढते, नळी दाबली जाते, मग धार बारीक होते, सुरू व्हायला वेळ लागतो, रात्री चार-चारदा उठावं लागतं. हे वाढणं म्हणजे कॅन्सर नाही आणि त्याचा पुढे कॅन्सर होतो असंही नाही. पण मूत्राशय बिचारं आधीच जोर लावून लावून थकलेलं असतं, त्याला अजून ताणा म्हणून कोण सांगतं? धरून ठेवल्याने प्रोस्टेट तसूभरही कमी होत नाही, मूत्राशय मात्र फुगत जातं आणि शेवटी त्याला आवळून बाहेर टाकताच येत नाही.

काकांनी तीन आठवडे प्रोस्टेटची गोळी, टॅम्सुलोसिन, बंद ठेवली, घड्याळ लावून धरून ठेवायचा सराव केला, त्यात सर्दी झाली म्हणून मेडिकलमधून एक गोळी आणून घेतली. नाक मोकळं करणाऱ्या बऱ्याच गोळ्यांनी मूत्राशयाचं तोंड अजून आवळतं, प्रोस्टेटवाल्यांनी त्या विचारल्याशिवाय घ्यायच्याच नसतात. रात्री दोनला काकूंचा फोन. काका बाथरूमच्या दाराला धरून उभे, ओटीपोट टणक, अंग घामाने भिजलेलं आणि थेंबही येत नाही. नळी घातली तेव्हा पिशवीत सव्वा लिटर आलं. चारशे-पाचशे मिलीला आपण पळतो, यावरून काय हाल झाले असतील बघा. असं तुंबलं की दाब उलटा किडनीवर जातो, त्यांचं रक्तातलं क्रिएटिनिनही (किडनी नीट चालतेय का ते यावरून कळतं) वाढलेलं निघालं.

लघवी थोडी लांबवायचा सराव डॉक्टर काही जणांना देतात, हे मान्य. पण तो ज्यांना उगाच घाई होते त्यांना, आणि करून आल्यावर आत किती उरते ते सोनोग्राफीत बघून.

आता पीएसए. मेसेजमधला "शोधणारा" म्हणजे रिचर्ड ॲब्लिन. या शास्त्रज्ञाने २०१० साली न्यूयॉर्क टाइम्समध्ये सरसकट सगळ्यांची टेस्ट करण्यावर सडकून टीका केली, हे खरंय. पीएसए नुसतं प्रोस्टेट वाढलं तरी वाढतं, इन्फेक्शननेही वाढतं, आणि सत्तरीनंतर काही त्रास नसताना उगाच करू नका असं अमेरिकेतले तज्ज्ञही सांगतात. पण त्याच लेखात ॲब्लिन म्हणतात की घराण्यात हा कॅन्सर असेल तर टेस्ट करत राहावी, उपचारानंतर तर ती उपयोगाचीच आहे. ते वाक्य मेसेज लिहिणाऱ्याने बरोब्बर गाळलं.

आणि कापतातच म्हणे! ब्रिटनमध्ये प्रोटेक्ट नावाचा मोठा अभ्यास झाला, त्याचे १५ वर्षांचे निकाल २०२३ मध्ये आले. पीएसएवरून सापडलेला, प्रोस्टेटबाहेर न गेलेला कॅन्सर असे १६४३ पुरुष, काहींचं ऑपरेशन, काहींना रेडिएशन, काहींवर फक्त लक्ष ठेवलं. तिन्ही गटांत शंभरातले साधारण ९७ जण या कॅन्सरने गेले नाहीत. म्हणजे वेळेत कळलं तर नुसतं लक्ष ठेवायचा मार्गसुद्धा उघडा असतो, हाडात पोचून कंबर धरल्यावर कळलं तर तो राहत नाही.

बायोप्सीने इन्फेक्शन होऊ शकतं, त्यासाठी आधी औषध देतात, पण सुईने कॅन्सर पसरणं फार फार दुर्मिळ. बिया खा, चांगल्या असतात, पण गोळीच्या जागी नको. पुरुषपणाचं म्हणाल तर वाढलेल्या प्रोस्टेटच्या दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर वीर्य बऱ्याचदा उलटं मूत्राशयात जातं, त्याने अपाय नसतो, ताठरता बहुतेकांची राहते. हे डॉक्टरला तोंडावर विचारा ना, लाजून फॉरवर्ड कशाला वाचायचे? आणि लघवीत रक्त दिसलं तर एकदाच दिसलं म्हणून सोडून देऊ नका.

गोळी परत सुरू केली आणि चौथ्या दिवशी नळी काढली. काका आत गेले, काकू दाराबाहेर कान देऊन उभ्या. धारेचा आवाज आला तशा त्या तिथेच बाकावर बसल्या आणि डोळे पुसायला लागल्या. सोनोग्राफीत ऐंशी मिली उरलेली दिसली, आता दीड महिन्याने परत बोलावलंय.