आधी मार्कडाउन, डिटा नंतर बघू
टेक्निकल रायटिंगवरच्या एका लेखात म्हटलंय, मॅन्युअल लिहायला लागलेल्या नवख्याने थेट डिटा ही मजकूर लिहायची पद्धत शिकावी, मला नाही पटत. मार्कडाउन, म्हणजे साध्या मजकुरात #, * अशा खुणा टाकून मांडणी करायची पद्धत, एका दुपारी हाताला बसतं, गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर रीडमी (प्रोजेक्टची ओळख) लिहिता लिहिताच येतं, पण २००४ च्या मूळ मार्कडाउनमध्ये टेबलच नव्हतं हो, मग ज्याने त्याने आपापली जोड दिली आणि एकीकडे नीट दिसणारं टेबल दुसरीकडे नुसत्या उभ्या दांड्या (|). मी एकदा टेबलच्या सेलमध्ये नंबरवाल्या स्टेप्स घालायला गेले, शेवटी वैतागून वेबपेजचं एचटीएमएल कोंबलं. आस्कीडॉक या तसल्याच दुसऱ्या पद्धतीत सेलच्या दांडीआधी नुसता ए (a) लावला की झालं! पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेवाल्यांकडे जायचं तर त्यांची पद्धत रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट, तिथे इंडेंट (ओळीआधीची मोकळी जागा) चुकला की बोंब. डिटा म्हणजे एक्सएमएल, मजकुराचा प्रत्येक तुकडा टॅगमध्ये बांधायचा, तोच मजकूर दहा मॅन्युअलमध्ये फिरवायचा असेल तेव्हा शिका, तेही कंपनीच्या पैशाने.