मेथडिस्ट मंडळीबद्दल फिरणारा तो मेसेज

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज सतत पुढे ढकलला जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मेथडिस्ट हा इंग्रज सरकारने आणलेला परका ख्रिस्ती पंथ आहे, त्यांचं बायबल वेगळं आहे, मराठीशी त्यांचं काही नातं नाही, आणि त्यांच्या उपासनेला एकदा बसलं की माणसाचा धर्म बदलतो. मी याच मंडळीत लहानाचा मोठा झालो. गप्प बसवत नाही.

आधी सरकारचं बघू. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि दोनच वर्षांनी लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर इथे आले. राज्य आल्यामुळे वाट मोकळी झाली, हे मी नाकारणार नाही. पण मिशन सरकारने आणलं, हे खोटं आहे. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोच होते. धर्मावरून लोक बिथरले तर व्यापार बसेल, ही तिची भीती. म्हणून तर मिशनरी विल्यम केरींनी बंगालमधल्या, पण डेन्मार्कच्या ताब्यातल्या श्रीरामपुरात बिऱ्हाड केलं. कंपनीच्या मुलखाचं दार मिशनऱ्यांना उघडलं ते ब्रिटिश संसदेच्या १८१३ च्या सनदेने. मेथडिस्ट मिशन तर अमेरिकेतलं. विल्यम बटलर १८५६ मध्ये भारतात आले आणि बरेलीपासून काम सुरू झालं. बेळगावचं काम लंडनवाल्यांनी त्यांच्याकडे सोपवलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. १९३० मध्ये निवडून आलेले पहिले भारतीय मेथडिस्ट बिशप कोण? जशवंतराव चितंबर. आडनाव कुठलं, ते मराठी माणसाला सांगायला नको. १९८१ पासून आमचं चर्च स्वायत्त आहे, बिशप इथेच निवडले जातात.

बायबल वेगळं नाही. इतर प्रोटेस्टंट मंडळ्यांची तीच ६६ पुस्तकं.

वेगळेपण कशात असेल तर भर कशावर आहे, यात. ही चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली मरेपर्यंत इंग्लंडच्या चर्चचे धर्मगुरूच राहिले. ‘मेथडिस्ट’ हे ऑक्सफर्डमधल्या विद्यार्थ्यांनी चिडवण्यासाठी ठेवलेलं नाव. देवाची कृपा निवडक लोकांसाठी नाही, सगळ्यांसाठी आहे, हा वेस्लींचा आग्रह. म्हणून १७३९ मध्ये ते ब्रिस्टलजवळ उघड्या माळावर उपदेश करू लागले, ज्यांना चर्चमध्ये कुणी विचारत नव्हतं अशा कोळसा खाणीतल्या मजुरांपुढे. १७७४ मध्ये त्यांनी गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली.

मराठीचं म्हणाल, तर एखाद्या रविवारी येऊन ऐका. पेटी-तबल्यावर नारायण वामन टिळकांची भजनं चालू असतात. टिळक मेथडिस्ट नव्हते, पण त्यांची गाणी सगळ्या मराठी मंडळ्यांची झाली. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, असं मानणारा हा कोकणातला कवी. माझ्या आईला त्यांची भजनं पाठ होती, आणि शेजारच्या कन्नड कुटुंबाशी ती तितक्याच सहज कन्नडमध्ये प्रार्थना करी. सीमाभागातल्या मंडळीत हे रोजचंच.

आता धर्म बदलण्याचं. सभासद व्हायला बाप्तिस्मा लागतो, शिक्षण लागतं, मंडळीसमोर उभं राहून स्वतःच्या तोंडाने वचन द्यावं लागतं. बाकावर बसल्याने यातलं काहीच होत नाही. आमच्या गल्लीतल्या एक काकू दर नाताळला उपासनेला येतात, आमच्या रांगेत बसतात, घरी जाऊन आपल्या देवापुढे दिवा लावतात. त्यांना कधी कुणी अडवलं नाही, कुणी फॉर्म पुढे केला नाही. प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीचं, आमंत्रणसुद्धा पाळक म्हणजे आमचे धर्मगुरू देतात ते पापांचा मनापासून पश्चात्ताप करणाऱ्यांना आणि शेजाऱ्यांशी प्रेमाने राहणाऱ्यांना. ‘आमच्या मंडळीचे सभासद’ असे शब्द त्यात नाहीत.

मेसेजवाल्याने एक गोष्ट विचारली असती, तर मात्र मला मान खाली घालावी लागली असती. लग्न ठरवताना आमच्यातही काही घरांत अजून मूळची जात विचारली जाते. कृपा सगळ्यांसाठी, असं रविवारी म्हणायचं आणि सोमवारी हे करायचं, ते मला पटत नाही. मंडळीच्या सभेत मी हे उठून बोललो आहे, पुन्हा बोलणार आहे.