वाघ नक्की दिसेल ना?

नागपूरला राहतो म्हणजे वाघ माझ्या अंगणात बांधलेला आहे, असा आमच्या पाहुण्यांचा ठाम समज. उन्हाळा लागला की फोन सुरू. "ताडोब्याला नेतोस ना? वाघ नक्की दिसेल ना?" आता काय त्याची अपॉइंटमेंट घेऊ? मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो हे दरवेळी सांगा, तरी मंगळवार धरूनच येणार.

जिप्सीत तर विचारूच नका. पाणवठ्यावर स्वर्गीय नर्तक पक्षी येतो, पाण्यात डुबकी मारून ती लांब पांढरी शेपटी झटकत फांदीवर बसतो, पुन्हा येतो. मी दुर्बीण पुढे करतो. मामा म्हणतात, "पक्षी काय, आमच्या बाल्कनीतपण येतात." कबुतरं येतात हो मामा, कबुतरं! तेवढ्यात चितळाचा कॉल येतो, म्हणजे वाघ जवळपास असल्याचा इशारा, गाईड ओठांवर बोट ठेवतो, आणि मागच्या सीटवर चिप्सचं पाकीट फर्रकन फाटतं.

1955 पासूनचं राष्ट्रीय उद्यान. रानगवे दिसले, अस्वल दिसलं, रानकुत्र्यांची टोळी रस्ता ओलांडून गेली. घरी येऊन आत्याला फोनवर काय सांगतात? "काहीच नाही दिसलं गं."

पुढच्या खेपेला सरळ नागपुरातल्या गोरेवाडा प्राणिसंग्रहालयाच्या सफारीत नेऊन बसवतो. पाहा म्हणावं पोटभर.