“डिझेलचा आवाज असाच असतो” म्हणे!

जुना ट्रक किंवा टेम्पो घ्यायला निघालेल्याला एजंटपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळीकडे एकच सल्ला मिळतो: डिझेल म्हटलं की आवाज आलाच, गरम झाल्यावर जातो, राहिलाच तर टॅपेट (इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा भाग) असेल, आणि इंजिन शांत असेल तर डोळे झाकून घ्या. यातलं पहिलं वाक्य तेवढं अर्धं खरं आहे.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. दाबानं तापलेल्या हवेत डिझेल फवारलं जातं, ते पेटायला क्षणभर उशीर होतो आणि मग साचलेलं एकदम भडकतं. कडकड होते ती त्याची. थंडीत हा उशीर वाढतो, म्हणून जुनी टाटा ४०७ सकाळी जास्त तडतडते. कॉमन रेलमध्ये, म्हणजे संगणकानं फवारा सांभाळणाऱ्या नव्या इंजिनात, मुख्य फवाऱ्याआधी थोडं डिझेल सोडून हा भडका मवाळ करतात. त्यामुळे जुन्या, यांत्रिक डिझेल पंपाच्या गाडीला जो आवाज माफ आहे, तो २०२० नंतरच्या बीएस-६ (नव्या प्रदूषण नियमांच्या) गाडीला नाही.

“गरम झाल्यावर जातो” यात खरा धोका आहे. कारण काही आवाज गरम झाल्यावरच येतात. ऑइल तापलं की पातळ होतं, पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या झिजलेल्या बेरिंगमधली फट उघडी पडते आणि खालून, चेंबरच्या (ऑइल साठतं त्या तळाच्या) बाजूनं, जड ठकठक सुरू होते. रेस देऊन सोडली की ती जास्त ऐकू येते. हे इंजिन खोलावंच लागतं. जाड ऑइल भरून हा ठोका काही दिवस दाबताही येतो, तेव्हा कालच ऑइल बदललंय असं कौतुकानं सांगितलं तर कान टवकारा. उलट, तुम्ही पोचायच्या आधीच गाडी तापवून ठेवली असेल तर थंड स्टार्टचा आवाज आणि धूर दोन्ही हुकतात. बंद गाडीच्या इंजिनाला ऊब लागली, तर सरळ दुसऱ्या दिवशी सकाळी या.

टॅपेटचा आवाज हलका, टिकटिक असा, वरच्या कव्हरखालून येतो. जड ठोक्याला टॅपेट म्हणणारा एकतर अडाणी किंवा विकणारा. जुन्या पंपाच्या इंजिनात मेकॅनिक नोझलचा (डिझेल फवारणाऱ्या तोटीचा) एकेक पाइप सैल करून कोणत्या सिलिंडरवर ठोका थांबतो ते बघतो. कॉमन रेलवर हे कोणालाही करू देऊ नका. तिथला दाब हजार बारच्या पुढे जातो, धार कातडीत घुसते. तिथे गाडीच्या संगणकाला जोडायचा स्कॅनरच लावायचा. एअर ब्रेकच्या गाडीत टाकी भरून हवा फुस्स सुटताच ठोका बदलला, तर आधी ती हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरवर संशय घ्या. तो इंजिनकामापेक्षा पुष्कळ स्वस्तात सुटतो.

आणि शांत इंजिन? पंपाचं टायमिंग थोडं मागे ठेवलं की कडकड कमी होते, ओढही जाते. शिवाय इंजिन गप्प असलं तरी मागचं काय? न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबताच गेली तर गिअरबॉक्सचं बेरिंग बघा. दाबल्यावर आली तर क्लचचं रिलीज बेरिंग. ओढताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर मागून हुंकार आला तर क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या अ‍ॅक्सलमधले गिअर. उभ्या गाडीत हा कळत नाही, मोबाइलवर पाठवलेल्या व्हिडिओत तर नाहीच. शक्य असेल तर माल भरून कात्रज किंवा खंबाटकीसारख्या चढावर न्या, खिडक्या उघड्या, टेप बंद.