पर्यावरणप्रेमी कोल्हापूरकर कसं व्हायचं? लई सोपं आहे

पर्यावरण वाचवायचं म्हटलं की लोक उगाच घाबरतात. त्यांना वाटतं आता गाडी सोडून सायकल काढावी लागणार, एसी बंद करावा लागणार, गॅलरीत गांडुळं पाळावी लागणार. छे ओ, असलं काही करायचं नाही. आमच्या गल्लीत राहून जे काय बघितलंय त्याच्या जोरावर सांगतो, शर्टाची इस्त्री न मोडता माणूस पर्यावरणप्रेमी होतो.

सुरुवात शपथेनं करा. २०२० सालापासून माझी वसुंधरा अभियान आहेच, त्यात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश अशी पंचतत्त्वं आहेत. मोबाईलवर शपथ घ्यायची, सर्टिफिकेट डाउनलोड करायचं, स्टेटसला लावायचं. पाचही तत्त्वं पाच मिनिटांत उरकतात आणि तुम्ही मिसळ खायला मोकळे.

मग ५ जूनला झाड लावा. खड्डा आधीच कुणीतरी काढून ठेवलेला असतो, तुम्ही फक्त रोपाला हात लावायचा. रोप एक आणि धरणारे हात चौदा असले तरी चालतंय, फोटोत सगळे आले म्हणजे झालं. पाणी घालायचं टेन्शन घेऊ नका, पाऊस आहे की. आणि रोप मेलं तरी ट्री गार्ड कुठं जात नाही, साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स बांधायला बरं पडतं.

कापडी पिशवी गाडीच्या डिकीतच ठेवा, बाहेर काढली की मळते.

राज्यात २०१८ पासून प्लास्टिक पिशवीला बंदी आहे, तेव्हा लक्ष्मीपुरीत भाजी घेताना पिशवी जरा हळू आवाजात मागा.

आता मेन विषय, कचरा. इथं खरं कौशल्य लागतंय. झालं काय, आमच्या गल्लीच्या तोंडाला जो कोंडाळा, म्हणजे कचरा टाकायचा कोपरा, होता तो उचलला. शहर कोंडाळामुक्त करायचं ठरलं होतं ना. जागा धुतली, मागच्या भिंतीवर पोरांनी पंचगंगा घाटाचं चित्र काढलं, दीपमाळा, पायऱ्या, सगळं, आणि गल्लीतल्या बायकांनी आपल्या घरच्या कुंड्या आणून मांडल्या, रांगोळी काढली. काय भारी दिसत होतं! एक रात्र. सकाळी उठून बघतोय तर सदाफुलीच्या कुंडीवर काळी पिशवी बसलेली.

तर टिप अशी आहे की कोंडाळा गेला म्हणून खचून जायचं नाही. पिशवी मोपेडच्या पुढं पायाशी ठेवायची, पहाटे निघायचं, वळणावर स्पीड कमी करायचा पण ब्रेक मारायचा नाही, ब्रेक मारला की माणूस दिसतो, आणि डाव्या पायानं अशी सराईत ढकलायची की पिशवी बरोबर भिंतीला जाऊन फुटली पाहिजे. रविवारचं मटण झालेलं असलं तर सोमवारी आणखी मजा. आमच्या भिंतीवर तांबडा रस्सा घाटाच्या पायरी पायरीनं ओघळलेला, खाली हाडं, हाडांवर कुत्री, कुत्र्यांनी ओढत नेलेलं डायपर थेट माझ्या गेटात.

परवा एकाला गाठलाच. ओळखीचाच निघाला, ग्रुपवर रोज सकाळी झाडाचा फोटो टाकून सुप्रभात म्हणणारा. म्हटलं, "अण्णा, काय टाकलासा?"

"कुठं काय, निर्माल्य आहे."

निर्माल्य! पिशवीतनं कोंबडीची पिसं बाहेर आलेली.

"मग ते आमच्या दारात?"

"तुमच्या दारात कशाला टाकू? कोंडाळ्यात टाकलं की."

"कोंडाळा कुठाय हितं?"

"हितंच हुता की!"

आता काय बोलणार? वर म्हणे कचरा न्यायला येणाऱ्या टिपरची वेळ जमत नाही. टिपर गाणं वाजवत दारात येतो ओ, अख्खी गल्ली उठते त्या गाण्यानं, ह्यांना तेवढी जाग येत नाही. आणि जे देतात ते तरी काय देतात? ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगवेगळा करायचा, हा नियम २०१६ लाच आला होता. आम्ही गंगावेशीत उभं राहून धारोष्ण दुधाचा एक घोट घेतला की म्हशीच्या वैरणीबद्दल मत देणारी माणसं, पण केळाची साल आणि दुधाची पिशवी यातला ओला कुठला आणि सुका कुठला हे आम्हाला अजून कळत नाही. सगळं एका पिशवीत कोंबायचं आणि मग बावड्याच्या झूमवरचा, म्हणजे शहराच्या कचरा डेपोवरचा, डोंगर पेटला, धूर नाकात गेला की प्रशासन झोपलंय म्हणून पोस्ट टाकायची.

पंचगंगा नदीवर प्रेम करायचं असेल तर पावसाळ्यातच करा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट झालं हे तासातासाला विचारा. ३९ ला इशारा, ४३ ला धोका हे पाठ असलेला माणूस अस्सल पर्यावरणप्रेमी. २०१९ ला पाणी कुठवर आलं होतं आणि २०२१ ला कुठवर, यावर कट्ट्यावर वाद घाला. उन्हाळ्यात त्याच नदीला वास मारतो तेव्हा तिकडं जायचं नाही, फोटो चांगले येत नाहीत.

आता बास झालं. मला हे मजेत लिहायला जमेना.

शहरातनं पंचगंगेला मिळणाऱ्या जयंती नाल्यात थर्माकोल, पिशव्या, गाद्या तुंबल्यात त्या काय राधानगरी धरणाच्या दरवाजातनं वाहत आल्या? पूर येतो तो पावसानं, धरणांनी येतो, मान्य. पण नाल्यात कचरा घातला तुम्ही, आणि पुराचं पाणी शिरलं की सुतारवाड्यातली माणसं बोचकी बांधून उठतात. तुम्ही सोडलेली घाण खाली शिरोळच्या लोकांच्या पाण्यात जाते, ती काय माणसं नाहीत?

आणि त्या पहाटे झाडायला येणाऱ्या मावशी. गेल्या आठवड्यात तुमची पिशवी उचलताना आत सुटं ब्लेड होतं, बोट फाटलं त्यांचं. आमच्या हिनं हळद आणली, पदराची चिंधी बांधली आणि मावशी परत झाडाय लागल्या. ब्लेड कागदात गुंडाळून वेगळं द्यायला किती वेळ लागतो ओ? दाढी गुळगुळीत करायला वेळ आहे, त्याला नाही? लाज कशी वाटत नाही?

साहेब लोकांना काय बोलायचं ते बोलू, टिपर चुकला तर तक्रार पण करू, मी स्वतः येतो सगळ्यांबरोबर. पण चित्र काढलेल्या भिंतीवर उष्टं फेकणारा माणूस कुठल्या साहेबानं पाठवलेला नाही, तो आपल्याच गल्लीतला आहे.

वर्गणी काढून कोपऱ्यावर कॅमेरा बसवतोय. नंबरप्लेट दिसते त्यात. व्हिडिओ ग्रुपवर पडला की "जाऊ दे की मर्दा, शेजारधर्म आहे" म्हणत माझ्याकडं यायचं नाही. आणि त्या कुंड्या नेलेल्या आहेत त्या गुमान आणून ठेवा. दोन सदाफुलीच्या होत्या, एक तुळशीची. तुळस कुणाच्या गॅलरीत आहे ते पण आम्हाला माहीत आहे.