मॉनमेसेज आणि माझी झोप

"मी दिवसातून पन्नास वेळा डीएसपी मारतो," असं मामांना सहज सांगितलं, तर ते चहाची बशी खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिले.

त्याचं असं आहे. १९८८ साली आलेल्या आयबीएमच्या एएस-४०० या कंपन्यांच्या कामाच्या कॉम्प्युटरला आता आयबीएम आय म्हणतात, पण त्याच्याकडून कामं करून घ्यायची सीएल, म्हणजे कंट्रोल लँग्वेज, ही भाषा तीच आहे. तिला स्वरांचं वावडं. डिस्प्ले म्हणजे डीएसपी, डिलीट म्हणजे डीएलटी, वर्क म्हणजे डब्ल्यूआरके. शाळेत काना-मात्रा गाळल्याबद्दल छड्या खाल्ल्या, इथे त्याच गुणावर पगार मिळतो. (नवी पोरं त्याच मशीनवर पायथन चालवतात. चालवू देत.)

रात्री स्टॉकचा रिपोर्ट बनवून शाखेला पाठवायचा, एवढंच माझं सीएल. पण मध्येच काही अडलं की जॉब, म्हणजे ते चालू काम, मेसेज वेटला जायचा आणि सी, डी, आय की आर, असं विचारत थांबायचा. कॅन्सल, डम्प, इग्नोर, रिट्राय. पहाटे तीनला ऑपरेटरचा फोन, "सर, काय दाबू?"

चौथ्या फोननंतर मी प्रोग्रामच्या डोक्यावर एक ओळ लिहिली : मॉनमेसेज (मॉनिटर मेसेज), सीपीएफ चार शून्य. सिस्टिमच्या चुकांचे बरेचसे मेसेज सीपीएफ या अक्षरांनी सुरू होतात. म्हणजे सीपीएफची कुठलीही चूक येवो, गिळ आणि पुढच्या ओळीवर जा. दहा रात्री मी बाळासारखा झोपलो.

अकराव्या दिवशी शाखेतून विचारणा झाली, "साहेब, आमचा माल विकला जातोय, पण तुमच्या रिपोर्टात संपत का नाही?"

कुणीतरी रोज ती फाइल उघडी टाकून घरी जात होतं. फाइल लॉक, कॉपी फेल, मॉनमेसेज गप्प. पुढची ओळ दहा दिवसांपूर्वीचाच रिपोर्ट इमानेइतबारे पाठवत होती आणि शेवटची ओळ मला कळवत होती, 'काम यशस्वी'.

आमचे सीनियर सर चष्मा वर करून म्हणाले, "अरे, कुत्रा भुंकतो म्हणून त्याचं तोंड बांधलंस. चोराला चहा तरी दिलास का?"

ती ओळ काढली. त्याच रात्री तीनला फोन वाजला. आतल्या खोलीतून आई धडपडत आली. "कोण गेलं रे?"

"कोणी नाही गं. जॉब अडकलाय."

"अगंबाई! म्हणजे नोकरी गेली?"

मी आर दाबायला सांगितला आणि आईसाठी चहा ठेवला.