‘वुमन’मधला ‘मॅन’ पुरुष नव्हता

स्त्रीविषयीच्या इंग्रजी शब्दांत पुरुष घुसवलेला आहे, असे सांगणारा एक संदेश समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. ‘वुमन’मध्ये ‘मॅन’, ‘फीमेल’मध्ये ‘मेल’, ‘हिस्टरी’मध्ये ‘हिज’ आणि ‘मेनोपॉज’च्या आरंभी ‘मेन’, ही त्यातली उदाहरणे. अक्षरे जुळतात हे खरे, पण व्युत्पत्ती जुळत नाही.

‘वुमन’चे उदाहरण त्यातल्या त्यात वजनदार आहे. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘वीफमन’ असा होता. त्यातील ‘वीफ’ म्हणजे स्त्री आणि ‘मन’ म्हणजे स्त्री असो वा पुरुष, कोणतेही माणूस. पुरुषाला ‘वेर’ हा वेगळा शब्द होता, जो आज ‘वेअरवुल्फ’ (लांडगा होणारा माणूस) अशा मोजक्या शब्दांत तेवढा उरला आहे. आपल्या ‘बाईमाणूस’ या शब्दाची घडण नेमकी हीच असून त्यात पुरुष दडला असल्याची तक्रार आजवर कोणी केल्याचे ऐकिवात नाही. ‘वीफ’चे पुढे ‘वाइफ’ झाले, तरी ‘मिडवाइफ’ ही सुईण कोणाची बायको म्हणून नव्हे, तर बाळंतिणीच्या ‘सोबत (मिड) असणारी स्त्री (वाइफ)’ म्हणून त्या नावाची झाली.

‘फीमेल’ लॅटिन ‘फेमिना’च्या लघुत्वदर्शक रूपापासून फ्रेंचमार्गे आला आणि ‘मेल’ हा ‘मास्कुलुस’पासून, म्हणजे दोघांचे मूळ वेगळे. चौदाव्या शतकाच्या सुमारास ‘मेल’शी जोडी जमवण्याच्या ओघात ‘फीमेल’चे स्पेलिंग बदलले, संदेशकर्त्याची चूक इतकी जुनी आहे.

‘हिस्टरी’ ग्रीक ‘हिस्टोरिया’पासून, म्हणजे शोध किंवा चौकशी या अर्थाच्या शब्दापासून आला. ‘हिज’शी त्याचा संबंध नाही, ‘स्टोरी’ मात्र त्याच मुळाचा आहे, एवढे श्रेय संदेशाला द्यावे लागेल.

‘मेनोपॉज’ आणि ‘मेन्स्ट्रुएशन’ यांची फोड मराठी वाचकाला तर सहज कळावी. ग्रीक ‘मेन’ आणि लॅटिन ‘मेन्सिस’ म्हणजे महिना, आणि संस्कृत ‘मास’ हा त्यांचाच भाऊबंद. ‘मासिक पाळी’ म्हणताना आपण तेच मूळ उच्चारतो.

तरीही संदेशामागची तक्रार पोकळ नाही, तिचा पुरावा चुकीच्या जागी शोधला आहे. ‘वेर’ लोपला, ‘मॅन’चा अर्थ पुरुषापुरता आकसत गेला आणि तोच शब्द सर्व मानवांसाठीही चालू राहिला, या दुहेरी अर्थाची किंमत स्त्रियांनी मोजली. कायद्यातील पुल्लिंगी शब्दांत, उलट तरतूद नसल्यास, स्त्रियाही धराव्यात असे ब्रिटिश संसदेने १८५० मध्ये ठरवले होते. १८६७ च्या मताधिकार विधेयकात ‘मॅन’ऐवजी ‘पर्सन’ घालावा ही विचारवंत व खासदार जॉन स्टुअर्ट मिल यांची दुरुस्ती फेटाळली गेली. पुढच्याच वर्षी मँचेस्टरच्या स्त्रियांनी १८५० च्या त्या कायद्याच्या आधारे मतदार यादीत नाव मागितले, तेव्हा न्यायालयाने त्यांचा दावा अमान्य केला.